घर विकताना ऑफर आलीय आणि एजंट मागे लागलाय? मग या क्रमाने जा

"ताई, पार्टी खाली गाडीतच बसलीय, टोकनचा चेक लिहून आणलाय, तुम्ही फक्त हो म्हणा." रात्रीचे साडेनऊ वाजलेले, कोथरूडचा आमचा टू बीएचके विकायला काढून जेमतेम अकरा दिवस झालेले, आणि मी हो म्हणून बसले. पुढचे चार महिने जे निस्तरावं लागलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्यानंतर नात्यातल्या-ओळखीतल्या पाचसहा जणांचे फ्लॅट विकताना मी सोबत होते, आणि बघितलं की जवळपास सगळे तीच चूक करतात, म्हणजे ऑफर आल्यावर विचार सुरू करतात. तोवर एजंट दिवसाला सहा फोन करत असतो, मग विचार कसला होणार. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे, अर्धं काम ऑफर येण्याच्या आधी करायचंय.

एक हिशोब आधी डोक्यात पक्का करा. समजा एजंट दोन्ही बाजूंनी १-१ टक्का घेतो. तुमचा फ्लॅट ९२ लाखांना गेला तर त्याला १ लाख ८४ हजार, ८८ लाखांना गेला तर १ लाख ७६ हजार. तुमचे ४ लाख गेले, त्याचे गेले फक्त ८ हजार. त्यामुळे किंमत थोडी पडली तरी त्याला चालतं, व्यवहार मोडला किंवा लांबला तर मात्र त्याला शून्य मिळतं. तो वाईट माणूस असतो असं मी अजिबात म्हणत नाहीये, चांगला एजंट खूप कामाचा असतो, पण त्याची घाई तुमच्या हिताची नसते एवढं समजून घ्या.

## १. जाहिरात देण्याआधी आकडे ठरवा

तीन आकडे कागदावर लिहायचे: सांगायची किंमत, मिळाली तर आनंद होईल अशी किंमत, आणि याच्या खाली विकणारच नाही अशी किंमत. तिसरा आकडा घरातल्या सगळ्या मालकांनी मिळून ठरवायचा. आमचं घर माझ्या आणि दादाच्या नावावर, दादा टेक्ससला, आणि आम्ही हा आकडा कधी बोललोच नव्हतो. एजंटने त्याला तिकडे फोन लावून "ताई तयार आहेत" सांगितलं आणि मला "दादा तयार आहेत" सांगितलं. दोघंही तयार नव्हतो!

भाव कसा काढायचा? पोर्टलवरच्या जाहिरातींवर जाऊ नका, त्या मागितलेल्या किमती असतात. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्च आहे, तिथे आपला भाग आणि मिळकत क्रमांक टाकला की झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू दिसतात, त्यात प्रत्यक्ष मोबदला, क्षेत्रफळ आणि तारीख असते. आपल्या सोसायटीतले आणि शेजारच्या दोनतीन सोसायट्यांमधले गेल्या वर्षभरातले व्यवहार काढा आणि कार्पेट एरियावर (भिंतींच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर) भाव मांडा, कारण एक जण बिल्टअप सांगतो, दुसरा सेलेबल, आणि मग तुलनाच होत नाही. काही व्यवहारांत कॅश बाजूला ठेवलेली असते, त्यामुळे एखादा आकडा विचित्र कमी दिसला तर तो सोडून द्या.

रेडी रेकनरचा, म्हणजे स्टँप ड्युटीसाठी सरकारने त्या भागाला ठरवलेला दरही बघून ठेवा. रेकनरप्रमाणे येणारं मूल्य तुमच्या विक्री किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर इन्कम टॅक्सवाले तुमचा कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीतला नफा, रेकनरच्या आकड्यावर धरतात, मग तुम्हाला प्रत्यक्षात कितीही मिळालेले असोत.

आता हातात किती येणार ते काढा. उदाहरण म्हणून ९० लाखांची विक्री धरू:

- ब्रोकरेज १ टक्का म्हणजे ९०,०००, एजंट जीएसटीवाला असेल तर त्यावर १८ टक्के म्हणजे १६,२००
- सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,०००, अर्धा-अर्धा ठरला तर आपले १२,५००
- होम लोन बाकी असेल तर ते, समजा ११ लाख
- टीडीएस १ टक्का म्हणजे ९०,०००. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असला की खरेदीदार हा कापून तुमच्या पॅनवर भरतो, रिटर्नमध्ये आपल्याला त्याचं क्रेडिट मिळतं

उरले ७६,९१,३००. कॅपिटल गेन टॅक्स अजून द्यायचाच आहे. म्हणून एजंट जेव्हा म्हणतो "नव्वद म्हणजे नव्वद" तेव्हा तुम्ही मनात हा खालचा आकडा बघायचा. टॅक्ससाठी एकदा सीएकडे जाऊन या, विशेषतः घर वारशाने आलेलं असेल तर, कारण तेव्हा आईवडिलांची खरेदी किंमत आणि त्यांचा काळ धरतात. घर दोन वर्षांहून जास्त ठेवलेलं असेल तर २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के आहे इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे न वाढवता), आणि त्याआधी घेतलेल्या घराला भारतात राहणाऱ्यांना २० टक्के इंडेक्सेशनसह हा हिशोबही करून बघता येतो, जो कमी येईल तो.

सावधान: मालकांपैकी कुणी परदेशात असेल तर त्याच्या हिश्श्याला हा १ टक्क्याचा नियम लागत नाही, टीडीएस बराच जास्त कापला जातो. कमी कपातीचं सर्टिफिकेट इन्कम टॅक्सकडून आधी काढावं लागतं आणि त्याला आठवडे जातात. आमचा व्यवहार इथेही अडकला होता.

तपासा: पॅन आधारला लिंक आहे ना? नसेल तर टीडीएस २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

## २. कागदांची फाईल आधी लावा

तयारी नसलेला मालक एजंटला लगेच कळतो, आणि मग "कागद अर्धवट आहेत, त्यामुळे पार्टी कमीच देणार" हे सुरू होतं. लागणारे कागद: मूळ करारनामा आणि इंडेक्स टू, आधीच्या सगळ्या खरेद्यांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची शेवटची पावती, प्रॉपर्टी टॅक्स, वीजबिल, कम्प्लिशन किंवा ऑक्युपन्सी सर्टिफिकेट. लोन असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि त्यांच्या ताब्यातल्या कागदांची यादी. फ्लोटिंग रेटच्या वैयक्तिक होम लोनला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो, त्यामुळे "लोन क्लोज करायला बँक पैसे मागेल, तेवढे कमी करा" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

सोसायटीच्या सेक्रेटरींशी आधीच बोलून ठेवा. शेअर सर्टिफिकेटवर अजून वडिलांचंच नाव आहे हे टोकन घेतल्यावर कळणं फार महागात पडतं.

सावधान: मूळ कागद एजंटला द्यायचे नाहीत. झेरॉक्स द्या, त्यावर "फक्त पाहण्यासाठी" आणि तारीख लिहा. आधार-पॅनच्या कॉपी तर खरेदीदार पक्का झाल्याशिवाय कुणालाच नको.

## ३. एजंटशी सुरुवातीलाच बोलून घ्या

हे लाजेपोटी राहून जातं, आणि नंतर तोच "ताई तुम्ही आधी बोलला नव्हता" म्हणतो. काय बोलायचं:

ब्रोकरेज किती, आणि कधी द्यायचं. टोकनला काही नाही, रजिस्ट्रेशनच्या दिवशी अर्धं, पूर्ण पैसे मिळाल्यावर अर्धं, हे मी आता नेहमी लिहून घेते, व्हॉट्सॲपवर का होईना. टोकनलाच सगळं ब्रोकरेज मिळणार असेल तर पुढे व्यवहार अडकला की तो फोन उचलत नाही. "फक्त माझ्याकडेच द्या" म्हणाला तर ३० किंवा ४५ दिवसांची मुदत घाला. आणि आकडा बोलणारा माणूस एकच ठेवा, बाकी मालकांना एजंटने फोन करायचा नाही हे स्पष्ट सांगा. आईला दुपारी झोपेतून उठवून "काकू, चांगली माणसं आहेत हो, तुम्हीच समजवा मुलांना" असं करणारे एजंट मी बघितलेत.

आणखी एक, "तुम्हाला ८५ नेट देतो, वरचं माझं" हे कधीच कबूल करू नका. खरेदीदार ९१ देणार, खरेदीखतावर काय लिहायचं यावर घोळ होणार, आणि टॅक्सची नोटीस आली तर ती तुमच्या पत्त्यावर येणार.

खालची किंमत एजंटला सांगायची नाही. कितीही विचारलं, "फक्त माझ्या माहितीसाठी" म्हणाला, तरी नाही. ज्या दिवशी सांगाल त्या दिवसापासून तीच तुमची सांगायची किंमत होते.

तपासा: घर दाखवायला चावी त्याच्याकडे दिली असेल तर कोण, कधी, किती वाजता आलं ते प्रत्येक वेळी मेसेज करायला सांगा. कितीजण खरंच घर बघून गेले हे कळलं की "मार्केटच थंड आहे" या वाक्यात किती दम आहे ते कळतं.

## ४. ऑफर आली की आधी पूर्ण लिहून मागवा

फोनवर "८७ म्हणतायत" ही ऑफर नव्हे. त्याला एकच उत्तर: "मेसेजवर सगळं पाठवा, मग घरी बोलतो." काय काय हवं:

१) रक्कम, आणि पूर्ण रक्कम खतावर येणार ना
२) टोकन किती, कशाने
३) पैसे कुठून येणार: स्वतःचे किती, लोन किती, लोन मंजूर झालंय की अजून अर्जही नाही
४) स्वतःचं घर विकून घेणार आहेत का, असेल तर ते विकलं गेलंय का
५) रजिस्ट्रेशन कधी, शेवटचा हप्ता कधी
६) ताबा कधी हवाय
७) काय काय सोडून जायचं, म्हणजे एसी, मॉड्युलर किचन, इन्व्हर्टर, पार्किंगबद्दल काय समजूत आहे

पार्किंगचं आधी बोला! शेवटच्या दिवशी सगळ्यात जास्त भांडणं मी त्यावरून झालेली बघितलीत.

सातही उत्तरं आली की मग तुलना करता येते. ९० लाखांची ऑफर, पण त्यांचं चिंचवडचं घर विकलं गेल्यावर पैसे, आणि ८८ लाखांची ऑफर, लोन मंजूर, ४५ दिवसांत सगळे पैसे, यात मी डोळे झाकून ८८ घेईन. एजंट मात्र मोठा आकडाच पुढे करतो कारण तो ऐकून आपण पटकन विरघळतो, बाकीचं नंतर बाहेर पडतं.

सावधान: मेसेजवर "ओके, डन", "फायनल", अंगठा, असलं काही टाकू नका. किंमत आणि अटी लिहिलेल्या मेसेजखाली तुमचा होकार असेल तर उद्या समोरचा तो पुरावा म्हणून दाखवू शकतो. "मेसेज मिळाला, विचार करून कळवते" एवढंच.

## ५. दबावाची वाक्यं ओळखा, उत्तर तयार ठेवा

ही वाक्यं फिरून फिरून तीच असतात. मी उत्तरं फ्रिजवर चिकटवून ठेवली होती, आईसाठीसुद्धा.

"दुसरा फ्लॅट बघतायत, आज नाही तर उद्या गेले." जाऊ शकतात, खरंच. पण ज्यांना घर आवडलंय ते दोन दिवसांत पळून जात नाहीत, आपण भाजी घ्यायला आलो नाहीये. उत्तर: "परवा संध्याकाळी सातला कळवते." वेळ द्या आणि पाळा.

"पितृपक्षाच्या आधी टोकन करून टाकू, नंतर पंधरा दिवस कुणी येणार नाही." हे अर्धं खरं आहे, त्या पंधरवड्यात लोक खरंच सौदे करत नाहीत. पण त्यानंतर लगेच नवरात्र आणि दसरा आहे, आणि दसऱ्याला घर बुक करणाऱ्यांची रांग असते. पाडवा, अक्षय तृतीया, तेच. उत्तर: "चालेल, मग दसऱ्याला बघू."

"१ एप्रिलला रेकनर वाढणार." रेकनरचे नवे दर १ एप्रिलला येतात हे खरं, पण स्टँप ड्युटी खरेदीदार भरतो. घाई त्याला असायला हवी, आणि त्याला घाई असेल तर तो किंमत वाढवेल. उत्तर: "मग त्यांना सांगा आकडा सुधारा."

"एवढा भाव तुमच्या सोसायटीत कुणालाच मिळाला नाही." इंडेक्स टूचे प्रिंट दाखवा. एजंट इथे बहुतेक विषय बदलतो.

"थोडी कॅश घ्या, तुमचाही टॅक्स वाचेल." घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो, आणि तो घेणाऱ्याला लागतो, म्हणजे तुम्हाला. उत्तर: "सगळं बँकेतून." इथे चर्चाच नको.

"मी तुमच्यासाठी एवढं पळालो, माझ्याकडे तरी बघा." हे सगळ्यात जड जातं, कारण तो खरंच पळालेला असतो. त्याचे पैसे पूर्ण द्या, वेळेवर द्या, पण त्याच्या पेट्रोलची किंमत तुमच्या घराच्या किमतीतून वजा होत नाही.

अजून एक प्रकार असतो जो वाक्यात दिसत नाही. पहिल्या आठवड्यात लागोपाठ तीन पार्ट्या येतात, ७८, ७९, ८० असे आकडे सांगतात, आणि चौथी ८५ म्हणते तेव्हा आपल्याला देव भेटल्यासारखं होतं. त्या तिघांपैकी किती खरे होते देवच जाणे. म्हणून पहिल्या टप्प्यातला कागद जवळ ठेवायचा, ८५ ची तुलना त्याच्याशी करायची, ८० शी नाही.

तपासा: हो म्हणण्याची घाई तुम्हाला कशामुळे होतेय? नवीन घराचा हप्ता आहे की एजंटचे फोन? फोन असतील तर रात्री आठनंतर त्याचा नंबर सायलेंटवर टाका.

## ६. बैठकीला जाताना

आकडे जवळ आले की एजंट "समोरासमोर बसून टाकू" म्हणतो. बैठक वाईट नाही, पण त्याच्या ऑफिसात, समोर पाच माणसं, चहा, पेढ्याचा बॉक्स आधीच टेबलवर, अशा वेळी नाही म्हणायला जीभ वळत नाही. शक्यतो आपल्या घरी बोलवा. आपल्याकडून दोघं बसा, आणि एक मालक मुद्दाम बाहेर ठेवा ज्याला विचारल्याशिवाय फायनल होणार नाही. दादा लांब असल्याचा आम्हाला इथे फायदा झाला.

काउंटर देताना नुसता आकडा देऊ नका, आकड्याबरोबर अट जोडा: "८९, पण ६० दिवसांत पूर्ण पैसे", "८८ करते, पण एसी नेणार." आणि एकदा खाली आलात की समोरचा वर येईपर्यंत पुन्हा खाली यायचं नाही. एजंट "अजून एक लाखाने अडलंय" म्हणून दोन्हीकडून ओढत असतो. त्याला सांगा, एवढंच अडलं असेल तर तुमच्या ब्रोकरेजमधून थोडं बघा. त्याने काही सोडलं नाही तरी त्याचं ओढणं थांबतं.

बैठकीत टोकन घ्यायचं नाही, पेढा खाल्लात तरी. दुसऱ्या दिवशी घ्या.

## ७. टोकन आणि विसार पावती

इथे मी स्वतः अडकले होते. ५१ हजारांचा चेक घेतला, एजंटच्या छापील कागदावर सही केली, आणि त्यावर रजिस्ट्रेशनची मुदतच नव्हती. खरेदीदाराचं लोन दोनदा नाकारलं गेलं, आम्ही दुसऱ्याला विकूही शकत नव्हतो. पावतीत अटी आणि सही आल्या की ती करार म्हणून बघितली जाऊ शकते आणि समोरचा तीन वर्षांपर्यंत कोर्टात जाऊन "मलाच विका" असं मागू शकतो, हे मला वकिलाने नंतर सांगितलं.

त्यामुळे पावतीचा मजकूर वकिलाकडून बनवा, दोनपाच हजार जातील. त्यात एवढं हवंच: पूर्ण किंमत, टोकनचा चेक नंबर किंवा यूटीआर (बँक ट्रान्सफरचा) नंबर, रजिस्ट्रेशनची शेवटची तारीख, त्या तारखेपर्यंत झालं नाही तर पावती आपोआप रद्द, लोन नाकारलं तर टोकन किती दिवसांत किती परत, खरेदीदाराने मन बदललं तर काय, आपण बदललं तर काय, पार्किंग आणि सोडायच्या वस्तू. सगळ्या मालकांच्या सह्या.

सावधान: टोकन एजंटच्या खात्यात नको. आपल्या खात्यात, खरेदीदाराच्या खात्यातून. आणि एजंटला किंवा त्याच्या माणसाला कुठल्याही कामासाठी मुखत्यारपत्र द्यायचं नाही. परदेशातल्या मालकाने द्यायचं असेल तर घरातल्याच माणसाच्या नावाने, तिकडच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टँप करून.

## ८. टोकननंतर पुन्हा दबाव येतो

लोक इथे सैल पडतात. रजिस्ट्रेशनच्या दोन दिवस आधी फोन येतो: बँकेच्या व्हॅल्युएशनमध्ये कमी आलं, बाथरूममध्ये गळती दिसली, दोन लाख कमी करा नाहीतर पार्टी मागे हटते. एजंटही त्यांचीच बाजू घेतो, त्याला आता ब्रोकरेज समोर दिसतंय. शांतपणे व्हॅल्युएशनचा रिपोर्ट मागा, गळती असेल तर प्लंबरचं एस्टिमेट मागा, आणि तेवढ्याच रकमेवर बोला. खरा दोष असेल तर मान्य करा, कारण घर त्यांना राहायचंय, पण दोन लाखांची गोळाबेरीज मान्य करू नका. यासाठीच मागच्या दोनतीन ऑफर देणाऱ्यांचे नंबर आणि तारखा जपून ठेवायच्या, आणि पावतीतली शेवटची तारीख कॅलेंडरवर लावायची.

दुय्यम निबंधक कार्यालयात सहीला बसण्याआधी मसुदा घरी दोनदा वाचा. रक्कम, हप्त्यांच्या तारखा, नावांचं स्पेलिंग, फ्लॅट नंबर. "स्लॉट मिळालाय, तिथेच वाचा" हेसुद्धा दबावच आहे.

ताबा शेवटचा रुपया खात्यात जमा झाल्यावर. "सामान तरी ठेवू द्या, मुहूर्त आहे" अशी विनंती येते, कलश ठेवायला, पूजा करायला जरूर द्या, आणि संध्याकाळी चावी परत घ्या. लोन फेडल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायला लागते. हा कालावधी करारातल्या तारखांमध्ये धरून ठेवा नाहीतर उशिराचा दोष तुमच्यावर येतो.

सगळे पैसे आले, चावी दिली, सोसायटीला पत्र गेलं, मीटरचं रीडिंग फोटोसकट पाठवलं, की एजंटचा उरलेला अर्धा भाग त्याच दिवशी ट्रान्सफर करा आणि पावती मागा. ती पावती फाईलला लावून ठेवा, कॅपिटल गेन काढताना ब्रोकरेज खर्च म्हणून वजा होतं आणि जुलैत सीए तीच मागतो.